फेब्रुवारीचा पाला

वाशाला टांगलेल्या दोन कागदी पिशव्यांपैकी 'ऑगस्ट' लिहिलेली टम्म फुगलेली होती आणि 'फेब्रुवारी' लिहिलेली रिकामी लोंबत होती. उबादेलच्या हातातली कॉफी हातातच राहिली.

"दोन्या तूलिया, यातला पाला कुठं गेला?"

"नांदोच्या अंघोळीत," युकाचे कंद सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "पहाटेपासून ताप आहे पोराला."

हे पोर म्हणजे उबादेलचा मेहुणा, वय वर्षं बेचाळीस. तापाला कुंपणाच्या उंदीरमारी झाडांच्या पाल्याची अंघोळ घालतात, यावर त्या गावात डॉक्टरसुद्धा वाद घालत नसे.

"पण पिशवीवर एवढं लिहिलंय!"

"मला कुठं अक्षर येतं?"

"मग कुंपणाचा ताजा पाला तोडायचा! इतकी झाडं आहेत."

"झाडं आहेत. पाला दाखवा. परवा सगळं कुंपण बोडकं कुणी केलं, जावईबापू?"

ते उबादेलनेच केलं होतं. ऑगस्टची पिशवी भरून झाल्यावर उरलेला सगळा पाला त्याने गुरांच्या गव्हाणीत टाकला होता. पालोमा ही त्याची सगळ्यात चांगली गाय, पण दोन वर्षं ती हाडं चघळायची, भिंती चाटायची, आणि तिची लागोपाठ दोन वासरं उभी न राहताच गेली होती. आता ती तिसऱ्यांदा गाभण होती. पशुपालक संघाच्या येइमिस बाईंनी सांगितलं होतं, "पावसातला पाला कोवळा, उन्हाळ्यातला निबर. दोन्हीत खनिजं सारखी नसतात. त्याच झाडांचा पाला दोन्ही वेळा सावलीत वाळवून ठेवा. तपासला की गाईला काय कमी पडतंय ते कळेल." उबादेलने ते इतकं मनावर घेतलं, की खनिज मिठाची आणलेली गोणीही दारामागे तशीच ठेवली. आधी रिपोर्ट, मग मीठ.

आणि बाई आज दहा वाजता पिशव्या न्यायला येणार होत्या. फेब्रुवारीतल्या उन्हाळ्याचा पाला आता ऑगस्टमध्ये आणायचा कुठून?

तो परसात धावला. नांदो पत्र्याच्या टबात डोळे मिटून बसला होता.

"ऊठ!"

"मला ताप आहे."

"तू माझ्या फेब्रुवारीवर बसलायस, ऊठ!"

नांदो टॉवेल गुंडाळून टबातच कुडकुडत उभा राहिला. उबादेलने कॉफी गाळायच्या कापडातून पाणी गाळलं, मिळेल तेवढा पाला गोळा केला आणि चादरीवर उन्हात पसरला. वाळलेला पाला भिजला आणि पुन्हा वाळला, तरी शेवटी तो पालाच. बाईंना सांगायची गरजच काय?

तो ऑगस्टची पिशवी काढायला घरात गेला आणि बाहेर येतो तो चादरीवर पालोमा. गव्हाणीतल्या हिरव्या पाल्याकडे ढुंकूनही न बघता तिने चादर साफ केली होती. चादरीचं एक टोक चघळून झालं, मग तिने टबात तोंड घातलं.

"अरे, ही माझे पाय चाटतेय!" नांदो ओरडला.

तेवढ्यात येइमिस बाईंची मोटरसायकल फाटकात येऊन थांबली.

उबादेलला सगळं सांगावंच लागलं. बाईंनी टबात बोट बुडवून जिभेला लावलं. नांदोने शरमेने मान फिरवली.

"दोन्या तूलिया, यात मीठ घातलंत?"

"मग? मिठाशिवाय ताप उतरतो होय? ते दारामागचं करडं मीठ पडूनच होतं."

बाई टबाच्या काठावर टेकल्या. "उबादेल, हा पाला वाळवून तुम्ही माझ्या हाती दिला असतात, तर रिपोर्ट आला असता, उन्हाळी पाल्यात सगळं भरपूर आहे, गाईला काही देऊ नका."

उबादेलने पालोमाच्या पोटाकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"साधं मीठ तर या पाल्यात कुठल्याच ऋतूत पुरेसं नसतं," बाई म्हणाल्या. "ते मी पिशव्या न बघता सांगितलं असतं. हाडं चघळते ती फॉस्फरस कमी पडतो म्हणून का, ते फेब्रुवारीत पुन्हा बघू. गोणी आज उघडा."

उबादेलने गोणी ओढली तर ती सहज हातात आली. तोंडाची शिवण शाबूत होती, तळाला मात्र वाटी जाईल एवढं भोक होतं.

"अर्धी कुठं गेली?"

"घरात ताप काय आज पहिल्यांदा आला?" सासूबाई म्हणाल्या. "मे महिन्यात तुम्हीच आठवडाभर अंथरुणात होतात. रोज अंघोळ घातली तेव्हा उठलात."

म्हणजे त्या घरात खनिज मीठ सगळ्यांना मिळालं होतं, फक्त गाईला सोडून. उबादेलने उरलेली गोणी गव्हाणीपाशी नेली.

डिसेंबरात पालोमाला कालवड झाली आणि तासाभरात आपल्या पायांवर उभी राहिली. उबादेलचे डोळे भरून आले.

"बघा," दोन्या तूलिया म्हणाल्या, "नांदोच्या अंघोळीचं पाणी प्यायली म्हणून."

फेब्रुवारीत उबादेलने दोन पिशव्या भरून वाशाला टांगल्या. एकीवर कोळशाने गाय काढली आणि दुसरीवर नांदो.