पावतीची शिकवणी

आमच्या शेजारच्या अण्णांच्या घरात पिशवी घेऊन सुखानं जाता येत नसे. पाहुणा असो की दूधवाला, अण्णा उंबऱ्यावर हात आडवा धरायचे. "थांबा. आत काय हाय?" तुम्ही तोंड उघडायच्या आधी ते पिशवीचं तोंड उघडायचे.

त्यांचा जन्म जकात नाक्यावर गेला. गावात येणाऱ्या गाड्या अडवायच्या, पोती तपासायची, पावती फाडायची. माणूस रिटायर झाला, हात झाला नाही. माझी कोथिंबीर त्यांनी इतक्या वेळा उपसली, की एकदा मी पिशवीत वरच खाजकुइली ठेवली. कोपरापर्यंत खाजवत होते, पण तोंडानं चालूच. "वैनी, कोथिंबिरीखाली काय हाय?"

लोकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. अण्णा म्हणायचे, "चोराच्या मनात चांदणं. ज्येच्या पिशवीत काय न्हाय, त्यो येतोय की." येत कुणीच नव्हतं.

मग त्यांनी जावयाची पिशवी तपासली. दिवाळसणाला, भर गल्लीत. मलकापूरच्या या जावयाच्या काळ्याभोर केसांचं आम्हा बायकांना फार कौतुक. पिशवीतून एक फाटका बनियन निघाला आणि कलपाची बाटली. अण्णांनी ती उन्हात धरून मोठ्यानं वाचली. जावई पाणीसुद्धा न पिता बायकोला घेऊन परत गेला.

त्याच वर्षी अण्णांची बायको वारली. घरात माणूस उरलं नाही. भाजीच्या गाड्याखाली सापडलेलं एक पिल्लू त्यांनी उचलून आणलं. कुत्री होती. नाव ठेवलं पावती. पिल्लू दिवसभर त्यांच्याकडे बघायचं आणि बघून बघून एकच विद्या शिकलं. कुणी पिशवी घेऊन दारात आलं, की दातात धरायची आणि सोडायची नाही.

एवढ्यात लेकीला, सुमनला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. अण्णांनी बाज नव्या काथ्यानं विणून घेतली, डिंक आणून ठेवला. तिचा चुलत दीर निरोप घेऊन आला, तर पावतीनं त्याचीच पिशवी टरकावली. मग जावयाचा सांगावा आला, "सुमनला सातव्या महिन्यात आणतो. पण माझ्या पिशवीला कुणी हात लावला, नाहीतर तोंड लावलं, तर तिला त्याच पावली परत नेणार."

मी म्हटलं, "अण्णा, जावयाची माफी मागा."

"कशापायी? तपासणी ती तपासणी. माझं काय चुकलं न्हाय. कुत्रं अडाणी हाय, त्येला क्लास लावतो."

इथं माणसांच्या पोरांना शिकवणी मिळेना आणि हे निघाले कुत्र्याला क्लास बघायला. सोबत मला घेतलं. म्हणाले, "बाईमाणूस असलं की मास्तर खरं बोलतोय."

पहिला क्लास एका रिटायर हवालदाराचा होता. त्याच्या पटांगणात एक माणूस हाताला पोतं गुंडाळून पळत होता आणि कुत्री त्याला लोंबकळत होती. अण्णा खूश होऊन बघत राहिले. मीच म्हटलं, "ह्ये धरायला शिकवत्यात. आपल्याला सोडायला शिकवायचंय." मोठ्या नाराजीनं निघाले.

दुसरा क्लास एका बंगलेवाल्या बाईंचा. कुत्री सगळी इंग्रजीत उठत होती, बसत होती. बाईंनी विचारलं, "जात कुठली?"

अण्णा ताडकन उठले. "ह्या जमान्यात जात इचारता? चल गं पावते!" पावती बाईंची पर्स धरून बसली होती, तिला ओढून आणावं लागलं.

परतताना मी दोघांना नीट बघितलं. रस्त्यात कुणाची पिशवी दिसली, की पावती आधी अण्णांच्या हाताकडे बघे. हात शिवशिवले, की हिनं झडप घातलीच.

"अण्णा, क्लास तुमाला पाहिजे," मी म्हटलं. "कुत्रं तुमचा हात बघतंय."

"तोंड सांभाळून बोला वैनी."

"न्हाय सांभाळत. लेक पाहिजे का पिशवी पाहिजे, ते ठरवा."

धाडकन दार लावून घेतलं त्यांनी.

दोनचार दिवसांनी दार उघडून गल्लीत ओरडायला लागले, "अहो, पिशवी घिऊन आत या कुणीतरी! तपासत न्हाय!" आधी कुणाचा विश्वास बसेना. मग दूधवाला गेला, शिंपी गेला, समोरची काकू गेली. आत आलेल्याला चहा द्यावाच लागे. अण्णा हात पाठीमागं बांधून उभे आणि पावती त्यांच्या हाताच्या शोधात गरगर फिरतेय. रोज संध्याकाळी हा तमाशा. हळूहळू पावतीचा पिशवीतला रस गेला.

सुमन आली त्या दिवशी मी अण्णांच्या मागंच उभी होते. जावयानं पायरीवर मुद्दाम पिशवी पुढं धरली. अण्णांची बोटं पाठीमागं एकमेकांत गच्च रुतली होती.

"तपासणी न्हाय?" जावई म्हणाला.

"न्हाय."

"का?"

"माझी मर्जी. लेकीला किती वेळ उभं करताय?"

पावतीनं जांभई दिली. सुमन आत गेली. जावईही गेला. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाला, आणि अण्णांनी ते ऐकून घेतलं.

सुमनला मुलगी झाली. चार महिने घर नुसतं भरलेलं होतं. मग जावई येऊन दोघींना घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा माझ्या दारात. "वैनी, पिशवी घिऊन या जरा. कुत्रं इसरंल."

मी रिकामी पिशवी घेतली आणि गेले. पावती उंबऱ्यावर आडवी पडून घोरत होती. मला तिला ओलांडून जावं लागलं. पिशवी तिच्या नाकावर घासली, तिनं कानसुद्धा हलवला नाही. आत चहा ठेवलेला. कप चार मांडलेले.

"बघितलासा?" अण्णा म्हणाले. "अजून कच्चं हाय. उद्याबी यायला लागंल तुमाला."

"येते की," मी म्हटलं.