सात नंबरच्या विमानाची पसंती

सात नंबरचं विमान उमेदवाराची चौकशी स्वतः करी, आणि त्याची पसंती आल्याशिवाय कंपनी कोणालाही वैमानिक म्हणून प्रशिक्षणाला पाठवत नसे. नियम जुना होता. मुलगी देण्याआधी लोक शेजारीपाजारी विचारपूस करतात, तशीच ही रीत. इथे विचारपूस विमान करी, एवढंच.

जयवंती तांडेल हँगरमधल्या लोखंडी खुर्चीवर बसली. वैमानिकाचा परवाना तिच्याकडे होता, पण एकाही कंपनीनं तिला घेतलं नव्हतं. उद्या ती पस्तीस वर्षांची होणार होती, आणि पस्तिशीनंतर ही कंपनीही कोणाला घेत नसे. समोर भरती विभागाचे कर्णिक फॉर्म घेऊन बसले होते. त्यांच्या मागे सात नंबर उभं होतं, नाक वर करून.

"आधीचा व्यवसाय?" कॉकपिटच्या उघड्या खिडकीतून विमानाचा आवाज आला.

"खाडीवर फेरीबोट चालवत होते. नऊ वर्षं."

"हवाई दलातले नऊ जण आले, तीन प्रशिक्षणात गळले. वैमानिकांची मुलं सहा आली, त्यांतली चार गळली. बोटवाली अजून एकही आली नव्हती. म्हणून जास्त चौकशी केली. चार नंबरचं विमान रोज तुमच्या वाडीवरून जातं. ते ऐकून येतं."

वाडीत कोणाच्याच जिभेला हाड नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी भर खाडीतून बोट मागे फिरवलीस. बोटीत वऱ्हाड होतं. मुहूर्त टळला. हे अर्जात नाही."

कर्णिकांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"इंजिन बिघडलं होतं?" विमानानं विचारलं.

"नाही."

"वारा?"

"तोही नव्हता. आमच्या मागची बोट सुखरूप पलीकडे गेली."

"मग?"

खोटं बोलायला अजून जागा होती, पण हे विमान खनपटीलाच बसणार हे तिनं ओळखलं. "बाबा इस्पितळात होते. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. मधोमध गेल्यावर माझाच मला भरवसा वाटेना. मालकानं दुसऱ्या दिवशी मला काढलं. हे लिहिलं असतं तर तुम्ही बोलावलंच नसतं."

"नसतंच बोलावलं," कर्णिक म्हणाले.

नोकरी गेल्यातच जमा होती. मग जयवंतीलाही चेव आला.

"स्थळ दोन्हीकडून बघतात. आता मी विचारते. तुमचे आधीचे वैमानिक कुठे गेले?"

"तांडेलबाई, असा प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

"लिहून घ्या, कर्णिक," विमान म्हणालं. "ते एकदा पेंगतच आले होते. पायरीवर पाऊल पडताच मला कळलं. तरी मी उड्डाण केलं. उतरताना चाकं धावपट्टी सोडून गवतात गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. कंपनीनं त्यांना काढलं. मला कोणी काही विचारलं नाही."

जयवंतीला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा कीव जास्त आली. "मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नकोस. मीही ठेवणार नाही."

"तर मग अट लिहा," ती कर्णिकांना म्हणाली. "उड्डाणाआधी दोघांनी एकमेकांना विचारायचं. एकानं जरी नाही म्हटलं, तरी उड्डाण नाही."

"आणि प्रवासी?" कर्णिकांनी विचारलं.

"बसनं."

कर्णिकांनी 'बसची सोय करावी' असं लिहिलं. विमानानं पुढचा दिवा एकदा लावून विझवला. कंपनीत ही सही धरत.

प्रशिक्षण आठ महिने चाललं. प्रशिक्षकांनी शेरा दिला : 'अतिसंशयी. उत्तीर्ण.'

पहिल्या उड्डाणाला अख्खी वाडी तिकिटं काढून आली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कंपनीनं फोटोग्राफर बोलावला होता. जयवंती गणवेशात पायऱ्या चढून आत गेली.

"झोप झाली?" विमानानं विचारलं.

"सात तास."

"खरं सांग."

तिनं बाहेर पाहिलं. विमानतळाच्या काचेमागून आई हात हलवत होती आणि शेजारणीला बोटानं दाखवत होती, ती बघ, माझी.

"तीन," ती म्हणाली. "आनंदानं झोपच लागली नाही."

"मग?"

"नाही," जयवंती म्हणाली, आणि टोपी काढून खाली उतरली.

कर्णिकांनी बस मागवली. वाडीतली मंडळी थोडी कुरकुरली, मग खिडकीजवळच्या जागा धरायला धावली. जयवंती आईच्या शेजारी बसली. घाट लागायच्या आतच तिचा डोळा लागला.