सही जुळत नाही

विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा काकू गरम पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या, म्हणून पाकीट काकांनी फोडलं. इंजेक्शनचे पैसे नामंजूर. कारण, अर्जावरची सही नमुन्याशी जुळत नाही.

"घे. तुझंच वाक्य," काका म्हणाले.

काकूंनी बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या होत्या. एका वेलांटीपायी भल्याभल्यांचे चेक परत पाठवले होते, एकदा तर सख्ख्या दिराचाही. आता आमवाताने बोटं सुजत. सकाळी तर मूठही वळत नसे. महिन्याला एक इंजेक्शन लागे. त्याची किंमत सांगण्याआधी औषधवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली होती.

पुढचं इंजेक्शन दोन आठवड्यांवर आलेलं. दुपारी दोघं कंपनीत गेले. तिथल्या तरुण साहेबाने अर्ज आणि जुना नमुना शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्हीच बघा, काकू."

काकूंनी चष्मा चढवून दोन्ही सह्या न्याहाळल्या. "नाही जुळत. शेपटी बघा, पार वाकडी. मीसुद्धा पास केली नसती."

"अगं, तू कुणाच्या बाजूने आहेस?" काकांनी विचारलं.

"सहीच्या."

साहेबाने नवा अर्ज पुढे केला. दुपारपर्यंत बोटं सैल झाली होती. सही उमटली ती थेट नमुन्यासारखी, शेपटीसकट. पैसे मंजूर झाले.

आठवड्याभरात दुसरं पत्र आलं. कंपनीच्या डॉक्टरांनी फाईल बघून लिहिलं होतं, 'सहीवरून रुग्णाची बोटं उत्तम चालत असल्याचं दिसतं. पुढच्या इंजेक्शनची गरज वाटत नाही.'

"म्हणजे वाकडी सही केली तर तू ती नव्हेस, आणि सरळ केली तर तू आजारी नाहीस," काका धुसफुसले.

दुसऱ्या दिवशी काकू बोटं न शेकताच निघाल्या आणि कार्यालय उघडताच साहेबासमोर जाऊन बसल्या. पेन चिमटीत धरवेना, म्हणून मुठीत धरलं. एक सही करायला चांगली पाच मिनिटं गेली. साहेबाच्या हातातला चहा तसाच राहिला.

"ही सकाळची," काकू म्हणाल्या. "दुपारची तुमच्याकडे आहेच. दोन्ही नमुने लावून घ्या, वेळ लिहून."

"असा नियम नाही हो, काकू."

"आमच्या बँकेतही नव्हता. किती जणांना मी उगाच परत पाठवलं असेल, कोण जाणे."

साहेबाने थोडा वेळ त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि खणातून नमुना सहीचं नवं कार्ड काढलं. डॉक्टरांना त्याने स्वतःच फोन केला. इंजेक्शन वेळेवर मिळालं.

पुढच्या महिन्यात त्याचाच फोन आला. "काकू, या अर्जावरची सही दोन्हींशी जुळत नाही. अर्धी वाकडी, अर्धी सरळ आहे."

"साडेअकराला केली होती."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज. मग, "तिसरा नमुना द्यावा लागेल."

"येते की," म्हणत काकूंनी फोन ठेवला.

"आता काय झालं?" काकांनी कपाळाला हात लावला.

"काही नाही," काकू समाधानाने म्हणाल्या. "पोरगा नीट तपासतो."