माणिकरावांचं राहिलेलं वॉरंट

आमच्या शेजारचे माणिकराव हवालदार रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण अजूनही कुणाच्या घरी जायचं तर ते जेवणाच्या वेळेलाच जातात. जेवायला नव्हे. घोटभर पाण्यापलीकडे ते काही घेत नाहीत. "जेवायच्या टायमाला मानूस घरात घावतोच," हा त्यांचा नोकरीतला सिद्धांत. उभी हयात त्यांनी एकच काम केलं : कोर्टाची वॉरंटं बजावणं, म्हणजे तारखेला न येणाऱ्याला घरून उचलून आणणं.

मी लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्या गल्लीत घरं कमी आणि क्लासच जास्त. त्या सगळ्या घोकंपट्टीच्या गलक्यात माणिकराव ओट्यावर पेपर उघडून जगभरचे फरारी शोधत बसतात.

एकदा बातमी आली, की परदेशातल्या एका मोठ्या कोर्टानं चक्क गादीवरच्या राष्ट्रप्रमुखावर अटक वॉरंट काढलंय. मी अर्ध्या भाकरीवर असताना माणिकराव हजर.

"सर, हे बजावणार कोन?"

"त्या कोर्टाला स्वतःचे पोलीस नाहीत. सभासद देशांनी धरून द्यायचं."

"एक हवालदारबी न्हाई?" त्यांना त्या न्यायाधीशांची इतकी कीव आली की तांब्या हातातच राहिला. "आन पत्ता तर साऱ्या दुनियेला ठाऊक! बरं, सासुरवाडी कुठली हाय त्याची?"

"मला काय माहीत?"

"एवढं शिकून राहिलात, सर! फरारी मानूस सणाला सासुरवाडीत जातोच. वाड्यावर कामून जायचं?"

पुढच्याच महिन्यात तो प्रमुख एका सभासद देशात पाहुणा म्हणून उतरला. टीव्हीवर पोलीस रांगेनं उभे, आणि सलामी देतायत. माणिकराव आमच्या खुर्चीवरून उठलेच. "धरा की लेको! दंडाला धरा!" कुणी धरलं नाही. "आता रिपोर्टात काय लिव्हतील, सांगू? इसम मिळून आला नाही!"

हे वाक्य त्यांना शिवीसारखं लागतं. असं लिहिणाऱ्या हवालदारानं गावात पायच ठेवलेला नसतो, असं त्यांचं मत आहे.

मी चिडवलं, "तुम्ही कधीच नाही लिहिलं?"

ते पाण्याचा तांब्या घेऊन खाली बसले. "एकदा. किल्लारीकडं."

बांधावरच्या मारामारीतला आरोपी, ज्ञानोबा. दर तारखेला दांडी. माणिकराव गेले, की हा मागच्या दारानं ज्वारीत. बायको चहा ठेवायची आणि सांगायची, "ते अहमदपूरच्या बाजाराला गेलेत." चहा पिऊन माणिकराव त्याला ज्वारीतून काढायचे, आणि मग दोघं एसटीत एकाच बाकावर शेंगा खात कोर्टात यायचे. असं चार वेळा झालं. पाचवं वॉरंट माणिकरावांच्या पिशवीत होतं, आणि भूकंप झाला.

"गेलो, सर. वाजवायला दारच न्हाई. पाटील म्हनला, नवराबायको दोघंबी गेले. कागदावर 'मयत' लिव्हायचं हुतं. लिव्हलं की केस बंद. माझा हातच चालंना. लिव्हलं, इसम मिळून आला नाही."

"मग?"

"मग काय, कोर्टानं पुन्यांदा वॉरंट काढलं. मी पुन्यांदा गेलो." त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"कुनीतरी त्या रानात ज्वारी पेरली हुती. लई उंच आली हुती. बांधावर हुबा राहून दोन हाका मारल्या. ज्ञानोबा, निघ भायेर, एसटी चुकंल."