परतफेड

"पंखासुद्धा दिलास?" चित्रकारानं कपाळावरचा घाम पुसत विचारलं.

"मग काय करू? काल पाहुण्यानं एवढी सुबक लाकडी डबी दिली. तिच्या बदल्यात चमचा देऊ?" बायको म्हणाली.

घरावर आधीच मरगळ होती. चित्रकाराचं एकही चित्र कित्येक वर्षांत खपलं नव्हतं. बायकोच्या शिवणकामावर चूल पेटायची, आणि हा कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून दाढी खाजवायचा. शेवटची आशा म्हणजे वरच्या खोलीत उतरलेला जपानी कलाकार. गॅलरीवाल्या बाईंनी बजावलं होतं, "प्रदर्शन होईपर्यंत त्याला नीट सांभाळा. तो ज्याचं नाव सुचवेल, त्याला जपानला बोलावतील. राहायचं, खायचं, काम करायचं, सगळं तिकडेच."

पाहुणा आला तोच कमरेत वाकून. आल्या आल्या त्यानं दोन्ही हातांनी एक रुमाल दिला. बायकोनं छत्री दिली. सकाळी दारात त्याचा जपानी चहाचा पेला हजर! त्यांच्यात म्हणे भेटीची परतफेड केल्याशिवाय चैन पडत नाही. आणि हिचं माहेर तर असलं, की कुणाचं ओझं म्हणून अंगावर ठेवायचं नाही. झालं! छत्रीवरून गाडी घड्याळावर गेली, घड्याळावरून खुर्चीवर. थांबेल तो उद्धट, म्हणून कुणीच थांबेना.

"माझं एखादं चित्र दे की," चित्रकार चाचरत म्हणाला.

"नको बाई. त्याला वाटेल, आपण रागावलोय."

त्या दिवशी चित्रकार जेवला नाही.

पाहुण्याची बॅग रिकामी झाली, तसा तो प्रदर्शनासाठी केलेले कागदी दिवे देऊ लागला. शेवटच्या दिव्यापोटी बायकोनं शिलाई मशीन वर चढवलं.

"अगं, आता खायचं काय?"

"तुम्ही जपानला चाललाय ना? मग झालं तर."

प्रदर्शनाच्या सकाळी गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "अहो, त्याच्याकडे मांडायला एकही दिवा नाही उरला! लवकर या."

दोघं धावत पोचले आणि दारातच थिजले. हॉलच्या मधोमध यांचीच खुर्ची. वर यांचं घड्याळ. पंखा फिरतोय, मशीनच्या सुईखाली अर्धवट शिवलेली बाही. लोक देवळात उभे राहावेत तसे गप्प. एक म्हातारा डोळे पुसत होता. चित्रकाराला वाटलं, गेली, आपली अब्रू चव्हाट्यावर गेली.

पाहुणा वाकला, बाईंच्या कानाशी काहीतरी बोलला. बाई म्हणाल्या, "तो म्हणतो, मांडणी माझी, पण निवड दुसऱ्याची. जे नसलं की घर अडतं, नेमकं तेच दिलं. असं देणारा तो खरा कलाकार. जपानसाठी त्याचंच नाव."

चित्रकारानं कॉलर सारखी केली आणि दोन्ही हात पुढे केले. पाहुणा त्याला वळसा घालून बायकोसमोर वाकला.

"मला? अहो, मला नुसतं शिवता येतं!"

चित्रकाराचे हात तसेच हवेत राहिले. काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं टाळ्या वाजवल्या. एकटाच वाजवत होता.

बायको त्याच्या कानाशी लागली. "एवढं मोठं दिलं हो त्यानं. आता बदल्यात काय द्यायचं? त्याच्याच वस्तू सोडल्या तर घरात उरलंय काय?"

तिनं मनातल्या मनात सगळं घर धुंडाळलं. आणि मग तिची नजर सावकाश नवऱ्यावर येऊन थांबली.

पाहुणा दोन्ही हात पुढे करून आधीच वाकला होता.