मृगाआधीचा कापूस

अकोल्याजवळच्या खुशालरावांनी पारावर जाहीर केलं, "यंदा बाजारात पयला कापूस माहा राहीन!"

विहिरीला पाणी होतं. मृगाची वाट न पाहता त्यांनी चार एकर लावून टाकले.

"जरा थांबा ना," बायको पार्बताबाई म्हणाल्या. "पाणी तं पडू द्या!"

"तू थांब! बाकीचे चार एकर तुलेच सोडले!"

बाई खरंच थांबल्या. जमीन चांगली भिजल्यावर, जून सरता सरता त्यांनी आपले चार एकर लावले.

खुशालरावांची बोंडं सप्टेंबरातच फुटली आणि भर पावसात सापडली. कापूस चहात बुडवलेल्या टोस्टासारखा पिवळा पडला! उरल्या बोंडांत गुलाबी अळी शिरली, ती लग्नघरच्या पाहुण्यासारखी हललीच नाही. पार्बताबाईंचा कापूस मात्र पाऊस गेल्यावर, कोरड्या उन्हात फुटला.

दोघांचा माल एकाच गाडीतून जिनिंगच्या कारखान्यावर गेला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं पार्बताबाईंच्या ढिगातली चिमूट उचलून धागा ओढला. "वा! लांब, मजबूत! कोणाचा हो?"

"माहा!" खुशालरावांच्या तोंडून निसटलं.

"लावला कधी?"

आता माघार कशी घ्यायची? "मृगाच्या आधी!"

हे ऐकायला शेतकरी मेळावा भरवणारे एक साहेब तिथंच उभे! आठवड्यानं खुशालराव अकोल्यात मेळाव्याच्या स्टेजवर. अंगावर शाल, पुढ्यात माइक, आणि समोर पहिल्या रांगेत पार्बताबाई.

खुशालरावांनी घसा खाकरला, तोच शेजारच्या गावचे शेषराव उठले. "बोला, खुशालराव! तुमचं ऐकून मी पुढच्या साली बाराच्या बारा एकर पाण्याआधीच लावतो! अख्खं गाव लावनार हाये!"

खुशालरावांच्या डोळ्यांपुढे बारा एकर पिवळा कापूस आणि गावभर अळ्या!

"नोको लावू, बाप्पा!" ते माइकमध्येच ओरडले. "तो कापूस हिचा होता! माहा तं पिवळा पडला. घाई केली आन् उतारा अर्धा, धागाबी कच्चा!"

मांडव हसून हसून आडवा झाला. पार्बताबाईंना वर बोलावलं. खुशालरावांनी आपल्या हातानं शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

"म्या काय केलं?" बाई लाजत म्हणाल्या. "नुसती पाण्याची वाट पायली."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खुशालरावांनी चष्मा लावून खालची ओळ वाचली. 'उत्कृष्ट कापूस उत्पादक पार्बताबाई. मागे उभे त्यांचे यजमान.'

नाव काही छापलं नव्हतं. खुशालरावांना तेच बरं वाटलं.