सोळा अंशांचा हिवाळा

सुरुवातीलाच कबूल करून टाकते: मी एकदा शेजाऱ्याच्या संत्र्यांचं लोणचं घातलं. लिंबं समजून. तेव्हा मी अवघी त्रेसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. लेकाकडे जुरोंग ईस्टला राहायला येऊन चारच महिने झाले होते आणि अख्ख्या सिंगापूरला आपणच स्वयंपाक शिकवायचा आहे, अशी माझी ठाम समजूत होती.

शेजारी म्हणजे भोयर. मूळचे काटोलचे, सगळा जन्म बोटीवर काढलेले. चीफ इंजिनिअर होते, म्हणून मजल्यावर सगळे त्यांना चीफच म्हणत. आता किनाऱ्यावर राहून बोटींची दुरुस्ती बघत, फ्लॅटमध्ये एकटे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या अंगात हातानं विणलेला स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी होती. बाहेर घामाच्या धारा! मला वाटलं, ताप असणार. मी लगेच काढा करून घेऊन गेले.

"ताप नाही ताई," ते म्हणाले, "आत हिवाळा आहे."

होता खरा. बेडरूममधला एसी सोळावर, आणि त्याच्यासमोर कुंडीत पुरुषभर उंचीचं एक झाड. माणसाची गादी मात्र हॉलमध्ये, पंख्याखाली. सकाळी आठला कुंडी चाकांच्या पाटावरून बाहेर कॉरिडॉरमध्ये यायची, ऊन खायची आणि दुपारी चारला परत थंडीत जायची. मग भोयर स्वेटर चढवून तिच्याजवळ स्टुलावर तासभर बसायचे. इंजिनरूममध्ये ड्यूटी करतात तसे. भिंतीवर थर्मामीटर, खाली वही.

समोरच्या चिनी आंटीला याचा फार राग. "युअर ट्री गॉट एअरकॉन, मी नो हॅव लाह!" असं ती, इथल्या इंग्रजीतला तो 'लाह' शेवटी लावून, दर दोन दिवसांनी बजावायची. चिनी नववर्षाला मजल्यावरच्या प्रत्येक दाराशी चीनहून आणलेल्या, नारिंगी फळांनी लगडलेल्या कुंड्यांची जोडी यायची. भोयर त्या कुंड्यांपुढे हात मागे बांधून उभे राहत आणि परीक्षेत पहिल्या आलेल्या दुसऱ्याच्या मुलाकडे बघावं तसे बघत.

माणसांचंही ते तापमान सांगत. "आज तुमचा आवाज एकोणचाळीसवर आहे ताई, सुनेशी काही झालं का?" माझ्या लेकाला नोकरीत बढती मिळाली नाही, तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "होऊ दे बाप्पा. थंडीशिवाय रंग नाही." पोरगा बिचारा घरी येऊन विचारतो, "आई, म्हणजे काय गं?"

म्हणजे काय, ते भोयरांनी मला त्या काढ्याच्या दिवशीच सांगितलं होतं. तीस वर्षं ते समुद्रावर, आणि काटोलची संत्र्याची बाग बायकोनं, सुमनताईंनी, एकटीनं सांभाळली. किनाऱ्यावर नोकरी लागल्यावर त्यांनी बायकोला इकडे ये म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमच्या त्या गावाला हिवाळाच नाही. तिथं संत्र्यालासुद्धा रंग येत नाही, मी येऊन काय करू बाप्पा? तुमच्या घरात एका संत्र्याला रंग आला की कळवा, त्या दिवशी बॅग भरते." भोयरांनी बागेतल्याच संत्र्याच्या बिया कुंडीत लावल्या. सात वर्षांनी पहिली फळं धरली होती. सात वर्षं, सात फळं.

हे सगळं ते मला सांगत होते आणि मी काय करत होते? "हो का, हो का" म्हणत त्यांच्या ओट्यावरचे तेलकट डबे मोजत होते. समोरचा बोलत असताना आपण पुढे काय बोलायचं ते ठरवून ठेवायचं, ही माझी तेव्हाची ऐकण्याची पद्धत.

पुढे एका बोटीवर काम निघालं आणि ते आठ दिवसांसाठी गेले. किल्ली माझ्याकडे. पुन्हा अर्धा तास सूचना. त्यातलं मी "आठला बाहेर, चारला आत, पाणी बेतानं" एवढंच ऐकलं, आणि तेवढं इमानदारीत केलं. अडचण अशी की मी तेवढ्यावर थांबणारी बाई नव्हते.

पाचव्या दिवशी पानाआड ती फळं दिसली. हिरवीगार, गोल, तुकतुकीत. मनात म्हटलं, एवढी लिंबं वाळून जाणार. एकटा माणूस, बरणीभर लोणचं मिळालं तर दुवा देईल. लिटिल इंडियात जाऊन मोहरीची डाळ आणली, हिंग आणला. सातच्या सात चिरली. वास वेगळा आला, साल सैल निघाली, तरी सिंगापूरची लिंबं अशीच असणार म्हणून मी मीठ-हळद लावून मोकळी झाले.

सहा वर्षांची नात ओट्याशी आली, नाक वर करून म्हणाली, "आजी, धिस वन ऑरेंज लाह."

"तुला काय कळतंय!" मी म्हटलं. आणि एक फोड तोंडात टाकली. संत्रं! काढ्याच्या दिवशी एका कानानं ऐकलेलं सगळं तेव्हा आठवलं.

पुढचे तीन दिवस मी तोंड लपवून काढले. चीफ परत आले तेव्हा बरणी पदराखाली धरून त्यांच्या दारात उभी राहिले. काय झालं ते सांगितलं. ते सरळ आत गेले. दार उघडंच होतं. ते एकेका फांदीखाली हात घालून चाचपत होते, एखादं राहिलं असेल म्हणून. खालून वर, मग पुन्हा खालून. स्वेटर घालायचं राहूनच गेलं होतं.

मला रडू कोसळलं. म्हटलं, "भाऊ, सुमनताईंचा नंबर द्या. मी आत्ता फोन करते. झाडानं फळं धरली होती, घालवली ती मी, असं स्वतः सांगते. पाया पडते, पण त्यांना यायला लावते."

ते कुंडीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"फोन नका करू ताई. ती येणार नाही, हे मला पहिल्याच वर्षी समजलं. पण रोज संध्याकाळी ती विचारते, फळ केवढं झालं, पान कसं आहे, आणि मी सांगतो. तीस वर्षांत आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. आता फळं गेली म्हटल्यावर आम्ही दोघांनी बोलायचं काय?"